लोखंडी दार आणि चार बोटं मोठं नाव

एका जंगलात एक लोखंडी दार होतं. जंगलाला दार कशाला, असं लगेच विचारू नका, बाळांनो. गोष्टीत मध्येच प्रश्न विचारणाऱ्याला मोठेपणी कुठल्याही समितीवर घेत नाहीत.

तर दार जंगलाला नव्हतं, पाळणाघराला होतं. त्या जंगलातल्या आया सकाळ झाली की चारा, मध, मुळं, शिकार, अशा आपापल्या उद्योगाला जायच्या. मग पिल्लं ठेवायची कुठे? म्हणून ओढ्याकाठी एक लांबट खोली उभी केली होती. भिंती कुडाच्या. म्हणजे कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. दाराच्या जागी बांबूची एक ताटी. आत एकोणतीस पिल्लं, आणि त्यांना सांभाळायला एक अस्वलीण मावशी. मावशीचा दुपारी डोळा लागायचा, पण तो काय, जेवल्यावर कुणाचाही लागतो.

एका दुपारी नदीपलीकडचा एक तरस आला. त्यानं ताटी बाजूला सारली आणि सशाची दोन पिल्लं उचलून नेली. जंगलात एकच आकांत झाला. वनराज केसरसिंहांनी तातडीनं सभा बोलावली, तीन वेळा डरकाळी फोडली आणि जाहीर केलं की पाळणाघराला लोखंडी दार बसवण्यात येईल. नदीपलीकडच्या जंगलात असं दार आहे, हे त्यांच्या कानावर आलं होतं. खरं सांगायचं तर सशाची पिल्लं गेली त्यापेक्षा हेच त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

दार सापडलं. माणसांनी टाकून दिलेल्या एका दारूगोळ्याच्या कोठाराचं होतं ते. चार हत्तींनी ते तीन दिवस ओढत आणलं. वाटेत जमिनीला जो चर पडला त्याच्यात पुढे बेडकांच्या दोन पिढ्या सुखानं नांदल्या. दाराच्या एका कडेला वर एक आणि खाली एक असे दोन जाड खुंट होते. त्या खुंटांवर ते फिरायचं. फिरायचं म्हणजे, कुणी नीट बसवलं असतं तर.

बसवायचं काम आलं धुरपा साळिंदरणीकडे. ती त्या जंगलातली एकुलती एक गवंडीण. हत्यारं म्हणाल तर थोडकीच. पाठीवरचा एक काटा उपटून ती त्यानं मापं घ्यायची, म्हणून त्या जंगलात लांबी-रुंदी काट्यांत मोजत. आणि दोरीला गोटा बांधून केलेला एक ओळंबा तिच्या गळ्यात कायम लोंबत असे. भिंत सरळ आहे की नाही ते त्यानं कळायचं.

धुरपाचा नवरा बिळाचं छत कोसळून गेला होता. छताला एक टेकू लावू या, असं ती म्हणाली होती. उद्या लावू, असं तो म्हणाला होता. तेव्हापासून कुठेही शिरताना धुरपा आधी वर बघायची. डोक्यावर काय आहे आणि ते कशाच्या जिवावर आहे, एवढं कळल्याशिवाय ती पाऊल आत टाकत नसे. आणि आता तिची एकुलती एक लेक पिंगी उरलेल्या सत्तावीस पिल्लांत होती. पिंगीचे काटे अजून मऊ होते, हात फिरवला तर गवतासारखे वाकायचे.

दारासाठी अर्थातच एक समिती नेमली होती. द्वारसमिती. अध्यक्ष होते दंताजीराव रानडुक्कर, चिटणीस होता मुंगूस, आणि आणखी दोन सभासद होते, ते मान डोलवायला. धुरपानं पहिल्याच बैठकीत सांगितलं की कुडाची भिंत हे दार पेलणार नाही. दोन्ही बाजूंना दगडाचे उभे खांब हवेत. वर एक आडवा दगड हवा, आणि तो दोन्हीकडे एकेक काटा तरी टेकायला हवा. खालचा खुंट दगडातल्या खळग्यातच बसला पाहिजे. नाहीतर दार कुडासकट आत पडेल, आणि आत पिल्लं असतात.

दंताजीरावांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “बाई, दार मजबूत आहे की नाही?”

“हाय की.”

“मग त्याला आधार कशाला? आधार दुबळ्याला लागतो.”

दोन्ही सभासदांनी मान डोलावली. मुंगसानं वहीत लिहून घेतलं की गवंडीणबाईंनी दाराच्या मजबुतीविषयी शंका व्यक्त केली, आणि समितीनं तिची गंभीर दखल घेतली. दगडांची मागणी नामंजूर झाली. पौर्णिमेला उद्घाटन ठरलं.

धुरपा घरी निघाली. वाटेत पाणवठा लागला. हा पाणवठा तीन वर्षांपूर्वी बांधला, आणि त्यात तीन वर्षांत थेंबभर पाणी आलेलं नव्हतं. पण त्याच्या डोक्याशी एक शिळा होती. चांगली पुरुषभर उंच, घासूनपुसून लख्ख, आणि तिच्यावर अकरा नावं कोरलेली. एक खार रोज सकाळी येऊन ती शिळा पुसायची, तिला तेवढ्यासाठी नेमलं होतं. धुरपा त्या शिळेसमोर बराच वेळ उभी राहिली. पाठीमागून टेकून बघितलं. शिळा जराही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती समितीपुढे गेली आणि म्हणाली की काल माझं चुकलंच. आधार-बिधार काही नको. पण एवढं मोठं काम होतंय, तर ज्यांनी ते केलं त्यांची नावं दाराभोवती दगडात कोरावी, असं वाटतं. वनराजांचं नाव वर, आडवं. समितीची नावं दोन्ही बाजूंना, उभी, एकावर एक.

बाळांनो, दगड नामंजूर व्हायला आदला अख्खा दिवस लागला होता. मंजूर व्हायला माशी उडवण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही.

आता खरी कसरत सुरू झाली. धुरपाच्या हिशेबानं एका काट्यात तीन अक्षरं मावत. दार सहा काटे रुंद. म्हणजे वरचा दगड आठ काट्यांचा हवा, सहा उघडझापीवर आणि एकेक दोन्हीकडे टेकायला. आणि ‘श्रीमंत वनराज केसरसिंह’ ही अक्षरं भरली बारा. चार काट्यांचा दगड. सहा काट्यांच्या जागेत चार काट्यांचा दगड ठेवला तर काय होईल, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

धुरपा वनराजांकडे गेली. एवढ्या मोठ्या राजाचं नाव एवढंसंच बरं दिसत नाही, असं म्हणाली. ‘अरण्यभूषण’ ही पदवी तिनं सुचवली. वनराजांनी जिभेवर घोळवून बघितली आणि घेतली. अक्षरं अठरा झाली. सहा काटे. बरोबर दाराएवढे, म्हणजे दगड टेकायला अजूनही कुठे जागा नाही. मग तिनं ‘गर्जनासम्राट’ काढली. चोवीस अक्षरं, आठ काटे. धुरपानं हिशेब दोनदा केला आणि सुटकेचा श्वास टाकला. वनराजांना वाटलं, ही आपल्या थोरवीनं भारावली आहे.

बाजूंना दहा दगड हवे होते, आणि समिती होती चौघांची. तेव्हा कामाचा व्याप पाहता समितीत आणखी सहा सभासद घ्यावेत, अशी सूचना धुरपानं केली. ती एकमतानं मान्य झाली, कारण प्रत्येकाचा कुणी ना कुणी भाचा होताच. जंगलात इतर समित्यांची संख्या कशी ठरते ते मला माहीत नाही. या समितीची दगडांवरून ठरली, एवढं मात्र नक्की.

राहिला तळाचा दगड. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत जड. खुंटाचा खळगा याच्यातच खोदायचा होता, दाराचा सगळा भार याच्यावर येणार होता. पण तळाला नाव कोण घालून घेणार? खाली कोल्हे तंगडी वर करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धुरपा दंताजीरावांकडे गेली. म्हणाली, मालक, तुमच्या कुळानं पृथ्वी दातांवर उचलून धरली होती, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मग तळाला तुमच्याशिवाय शोभणार कोण? दंताजीरावांचे डोळे भरून आले. आपल्या घराण्याची अशी आठवण फार वर्षांत कुणी काढली नव्हती.

दगड आले. धुरपानं ओळंबा धरून एकेक बसवला. डाव्या बाजूला तळाशी दंताजीराव, त्यांच्यावर मुंगूस, मग भाचे. उजवीकडे उरलेले. वर चोवीस अक्षरांचे वनराज. खालचा खुंट दंताजीरावांच्या खळग्यात, वरचा ‘श्री’च्या शेजारच्या भोकात. हत्ती बाजूला झाले. धुरपानं पंजाच्या एका बोटानं दार ओढलं, आणि ते फिरलं. कुरकुरलंसुद्धा नाही. मग तिनं आत जाऊन वर बघितलं, आणि ती तिथेच मटकन बसली. तिला फार आनंद झाला होता. नवरा गेल्यापासून एवढा आनंद तिला झाला नव्हता.

उद्घाटनात दोन तास भाषणं झाली. दगडांवरच्या नावांविषयी सगळे बोलले, दाराविषयी बोलायचं राहून गेलं. पण दारानं आपलं काम केलं. आठ दिवसांनी तरस परत आला, भर उन्हात त्यानं तापलेल्या लोखंडाला नाक लावलं आणि विव्हळत नदीपार गेला. ते नाक महिनाभर सुजलेलं होतं म्हणतात.

गोष्ट इथे संपली असती तर तिला तात्पर्य उरलं नसतं. पण वर्षभरानं दंताजीराव शिंकले. वनराजांची डरकाळी ऐन भरात होती आणि हे शिंकले. लोक हसले. संध्याकाळपर्यंत दंताजीराव अध्यक्ष राहिले नव्हते. त्यांच्या जागी शिंगोजीराव सांबर आले आणि त्यांनी पहिला हुकूम काढला तो असा: पाळणाघराच्या दारावरून दंताजीचा दगड उपटून फेकून द्यावा.

धुरपा धावत मुंगसाकडे गेली. या खेपेला तिनं खरं काय ते सांगून टाकलं.

“चिटणीस, त्यो दगूड नावाचा न्हाई, आधाराचा हाय. त्यो काढला की दार पडंल. आत पोरं असत्यात. माझी पिंगी असती.”

मुंगसानं शांतपणे लिहून घेतलं: दंताजीरावांच्या आधाराशिवाय जंगल कोसळेल, असं गवंडीणबाईंचं म्हणणं आहे. मग लेखणी खाली ठेवून म्हणाला, “हे मी पुढे पाठवलं तर बाई, दगडाआधी तुम्ही जाल. पाठवू का?”

धुरपानं तो कागद तिथेच खाऊन टाकला. खरं बोलायची तिची हौस तेवढ्यात फिटली. ती थेट वनराजांच्या गुहेत गेली आणि दाराशी लवून म्हणाली, “महाराज, लागलेलं नाव एकदा निघाया लागलं, की मग त्ये वरपातूर जातंय.”

वनराजांनी क्षणभर वर बघितलं, जणू चोवीस अक्षरं तिथेच लोंबत होती. त्याच दिवशी कायदा झाला. लागलेलं नाव निघणार नाही. कुठल्याही कारणानं, कुणाच्याही हुकमानं. नको असलेल्या नावावर फार तर दुसरं नाव बसवता येईल, पुढच्या अंगानं.

शिंगोजीरावांना हे आवडलंच. शत्रू उपटून टाकण्यापेक्षा त्याला कायमचं आपल्या पाठीमागे अंधारात गाडणं बरं, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. फक्त एक अट त्यांनी घातली. आपलं नाव त्याच्याएवढंच नको, निदान चार बोटं तरी मोठं हवं. धुरपा हो म्हणाली. चार बोटांनी काय होतंय? उलट दंताजीरावांच्या दगडाला पुढून आणखी एक दगड मिळाला, आधार दुप्पट झाला. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

आता तुम्ही म्हणाल, हुशार आहे हो धुरपा. मीही तेच म्हणत होतो.

पुढे शिंगोजीरावही गेले. वनराजांच्या आधी पाणी प्यायले म्हणून. मग एक गवा आला. त्याचा दगड शिंगोजीरावांवर, चार बोटं मोठा. गवा गेला, नीलगाय आली. चार बोटं. मग एक कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा आला, तो दीड महिनाच टिकला, पण दगड मात्र टिकला. डाव्या बाजूला दगडांचा हा एवढा थर पुढे आला. दार बाहेरच्या अंगाला उघडायचं, ते उघडताना त्या थराला अडायला लागलं. पूर्वी सताड उघडायचं, मग अर्धं, मग पाव. अस्वलीण मावशी आधी आडवी होऊन शिरू लागली, मग पोट आत ओढून, आणि एके दिवशी ती शिरलीच नाही. तेव्हापासून ती फटीबाहेर बसून पिल्लांना गोष्टी सांगायची आणि त्यांनी आत काय चालवलंय ते वासावरून ओळखायची.

धुरपाला हे दिसत होतं. पण दार पडत नाही ना, एवढंच ती रोज बघायची. ओळंबा लावायचा, वर बघायचं, पिंगीला फटीतून आत सोडायचं आणि कामाला जायचं. पडण्याची भीती जिला एकदा बसली, तिला अडकण्याची भीती सुचत नाही.

चैत्र आला. राणीसाहेबांचे धाकटे बंधू हवापालटाला आले होते. ते कुठल्याच समितीवर नव्हते, त्यांनी काही केलं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचं नाव कुठेही नव्हतं. राणीसाहेबांना हे बघवेना. डावी बाजू अध्यक्षांनी भरलेली, तेव्हा बंधूंचा दगड उजव्या बाजूला बसवावा असं ठरलं. आणि राणीसाहेबांचे बंधू म्हणून चार बोटं नाही, बारा बोटं मोठा.

समारंभ भर दुपारी होता. दार उघडं असलं तर नाव झाकलं जातं, म्हणून ते आधीच ढकलून बंद केलं. पिल्लं आतच होती. त्यांना बाहेर काढलं तर ती मध्ये मध्ये करतात. धुरपा दगडाचं माप बघायला निघाली, तर तिला कुणी जाऊ देईना. त्या दिवशी तिचाही सत्कार होता. तिला चौथऱ्यावर नेऊन बसवलं, हातात नारळ दिला आणि पाठीवर शाल पांघरली. साळिंदरणीच्या पाठीवर शाल, बाळांनो. ती काट्यांत अशी अडकली की धुरपाला ना उठता येईना ना वळता येईना. पाठीमागे गव्यांनी दगड उचलला. बसला, तेव्हा एक आवाज झाला. गवंड्याला तो आवाज कळतो. दगडावर दगड बसला की वेगळा वाजतो, आणि दगड लोखंडाला भिडला की वेगळा.

टाळ्या थांबल्या. फळं वाटायला म्हणून कुणीतरी दार ओढलं. दार हललं नाही. चार गव्यांनी ओढलं. हत्तीनं सोंड लावली. उजवीकडचा दगड दारावर बारा बोटं आला होता. दार जेवढं ओढावं तेवढं त्याला घट्ट टेकत होतं.

आतून आधी हसण्या-खिदळण्याचा आवाज येत होता. पिल्लांना वाटलं, खेळ आहे. मग तो थांबला. डोक्यावर ऊन होतं. लोखंड तापत होतं. खिडक्या तर तरसाच्या भीतीनं समितीनं पूर्वीच बुजवल्या होत्या. अस्वलीण मावशी फटीला नाक लावायला गेली, तर फटच राहिली नव्हती. आणि मग आतून एक बारीक आवाज आला, “आये, गरम होतंय गं.”

धुरपानं शाल काट्यांसकट ओरबाडून काढली. पाठीवर रक्त आलं. ती मुंगसापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “दगूड काढा.”

मुंगसानं वही उघडली. त्यालाही वाईट वाटत होतं, हे मी कबूल करतो. त्याचीही दोन पिल्लं आत होती. पण त्यानं वाचून दाखवलं, “लागलेलं नाव निघणार नाही. कुठल्याही कारणानं, कुणाच्याही हुकमानं. हा कायदा तुमच्याच विनंतीवरून झाला, धुरपाबाई.”

वनराजांनी घाम पुसला. कायदा बदलता येईल, असं ते म्हणाले, पण त्यासाठी समितीची बैठक हवी. बैठक तिथल्या तिथे भरली. आता बैठक म्हटली की आधी मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचून कायम करावा लागतो. मुंगूस वाचायला लागला. एकही ओळ त्यानं गाळली नाही.

धुरपा दारापुढे उभी होती. दार जागचं हलत नव्हतं. तिनंच बसवलेलं होतं. आयुष्यात तिनं एवढं पक्कं काम दुसरं केलं नव्हतं, आणि त्या क्षणी तिला आपल्याच हातांचा राग आला.

मग पाय नेतील तिकडे ती चालू लागली. दगडांना वळसा घातला. भिंतीच्या कडेनं मागे गेली. मागे कुणी नव्हतं, कारण मागे नावं नव्हती. तिथे नुसता कुड होता. कारवीच्या काठ्या, वर शेणमाती, तीही ठिकठिकाणी पोपडे धरलेली. आणि खाली माती. मऊ, ओढ्याकाठची.

धुरपा त्या भिंतीकडे बघतच राहिली. मग तिनं उकरायला सुरुवात केली. साळिंदराला उकरायला शिकवावं लागत नाही. चार हात माती गेली. वर एक आडवं लाकूड लावलं, सवयीनं. पलीकडे पुरतं भोक पडायच्या आधी पिंगीचं ओलं नाक तिच्या पंजाला लागलं.

मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचून कायम होईपर्यंत सत्तावीसच्या सत्तावीस पिल्लं बाहेर आली होती आणि ओढ्यात डुंबत होती. शेवटी मुंगसाची दोन आली. ती मातीनं माखलेली पिल्लं बापाच्या वहीवर जाऊन बसली, तेव्हा कुठे बैठक थांबली.

सगळे पळत मागे गेले. आयांनी पिल्लं चाटून घेतली. कुणी रडलं, कुणी हसलं. धुरपा मात्र त्या भोकाकडे बघत बसली होती. एवढं सोपं होतं. दोन वर्षं रोज हे एवढंच सोपं होतं. तरसालाही पंजे असतात. हे समितीच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यात नवल नाही. पण गवंडीण असून आपल्याही आलं नाही, आपणही सगळ्यांबरोबर दाराकडेच बघत बसलो, याची तिला मनापासून लाज वाटली.

वनराजांनी पुढून पाहणी केली. दार जागच्या जागी होतं. एकही नाव हललं नव्हतं. ते फार प्रसन्न झाले. दार इतकं भक्कम निघालं की हत्तीलाही उघडेना, हे नदीपलीकडे कळवायची त्यांनी आज्ञा केली. मग मागे येऊन ते भोक पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी मुंगूस धुरपाच्या बिळाशी आला. पिल्लं आता भोकातूनच जा-ये करत होती. अस्वलीण मावशीसाठी ते जरा मोठंही केलं होतं. समितीनं या गोष्टीची गंभीर दखल घेतली होती.

“ठराव झालाय,” मुंगूस खाली बघत म्हणाला. “भोकाला लोखंडी दार बसवायचं. पहिल्यापेक्षा जड. दगड किती लागतील, विचारायला पाठवलंय. सभासद तेवढे नेमायला बरं.”

धुरपानं गळ्यातला ओळंबा काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हणाली, “दुसरा गवंडी बघा, चिटणीस. पर त्याला एवढं सांगा, वरची माती कच्ची हाय. टेकू आजच लाव म्हणावं.”

मुंगूस निघाला. जाता जाता थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं की आपली दोन पिल्लं उद्यापासून इथे ठेवली तर चालतील का.

पिंगी बिळाच्या तोंडाशी बसून पंजानं माती उकरत होती. तिला नवीन छंद लागला होता. उकरता उकरता तिनं विचारलं, “आये, आपल्या घराला कुणाचं नाव हाय?”

“कुणाचंच न्हाई.”

“का गं?”

“म्हणून तर आत जाता येतंय,” धुरपा म्हणाली, आणि आधी वर बघून मग आत गेली.

तात्पर्य: जड दार बसवायचं असेल तर आधी आधाराचा विचार करावा, असं गवंडी सांगतात. त्यांचं ऐकू नये. आधी नावांचा विचार करावा, आधार त्याच्या पाठोपाठ हवा तेवढा मंजूर होतो. दार कधीही पडत नाही. फक्त आपलं पोर त्याच्या आड ठेवण्यापूर्वी त्याला उकरायला शिकवून ठेवावं.